पेन्सिलची अकरा पानं

इरा आणि निहार,

हे पत्र तुमच्यासाठी आहे, पण यात मी बोलणार आहे ती वॉल्टरशी. शेजारचे वॉल्टकाका गेले हे मधुराआत्याने तुम्हांला फोनवर सांगितलंच. निहार, तुझा मेसेज मिळाला. इरा, तू विचारलं होतंस की त्यांच्या कुत्र्याचं आता काय होणार. त्याला त्यांची मुलगी लिंडा तिच्या गावी, प्लेनोला, घेऊन गेली आहे.

आत्ताच लिहायला बसले याचं कारण साधं आहे. मला अठ्ठ्याहत्तरावं वर्ष लागलं. गेल्या महिन्यात गॅरेजचा कोड दोनदा आठवला नाही आणि मी आमच्या शुगर लँड गावच्या भर उन्हात आत्याची गाडी येईपर्यंत पायरीवर बसून राहिले. एक गोष्ट अशी आहे जी आता फक्त माझ्या डोक्यात आहे. तीही एखाद्या दिवशी त्या कोडसारखी जाईल, म्हणून घाई. मराठीत लिहिते, कारण इंग्रजीत लिहायला लागले की माझा हात आपोआप वाक्यं दुरुस्त करतो, आणि जे झालं ते त्या सवयीनेच झालं. बाबाला शेजारी बसवा आणि त्याच्याकडून वाचून घ्या. त्याचा आवाज अडखळला तर त्याला पाणी द्या, पण शेवटपर्यंत वाचायला लावा.

वॉल्टर, तुमची ओळख मला आधी कानाने झाली. मी सकाळी साडी आणि स्नीकर्स घालून फिरायला निघाले होते. तुमच्या गॅरेजचं दार अर्धं वर होतं, आत पंखा चालू होता आणि जुन्या टाइपरायटरचा आवाज येत होता. इतकं एकसारखं टाइपिंग मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. पिंपरीच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं वर्क्स मॅनेजरची सेक्रेटरी होते. तो आवाज ऐकून मी न विचारता सरळ आत आले.

तुम्ही मान वर केली. "मॅम, रस्ता चुकलात का?"

मी कागद पाहिला आणि म्हटलं, "नाही. पण तुमची डावी करंगळी कमजोर आहे. ए हे अक्षर फिकं उमटतं."

तुम्ही इतके हसलात की कुत्रा उठून बसला. "हे मला नेव्हीतल्या चीफने सांगितलं होतं. त्यानंतर तुम्हीच."

त्या दिवसापासून मी मिस सुधा झाले. माझ्या नवऱ्याच्या मागे मला कुणी नावाने हाक मारत नव्हतं. आई, आजी, मावशी, काकू यांतच माझं नाव संपलं होतं. तुम्ही ते परत वापरात आणलंत, याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. आज मानते. तुम्ही माझ्या चिवड्यातले शेंगदाणे वेचून खायचात आणि उरलेला डबा परत करायचात. "मिस सुधा, या पक्ष्यांच्या खाण्यात नट्स कमी झालेत," असं वर म्हणायचात. "पक्षी तक्रार करत नाहीत," मी म्हणायची. इराने तुम्हांला काका म्हटलं तेव्हा त्याचा अर्थ विचारलात, आणि पुढे फोनवरसुद्धा स्वतःला "धिस इज वॉल्टकाका" म्हणवून घेऊ लागलात.

जहाजाचं तुम्ही मला दोन वर्षांनी सांगितलंत. मुलांना ते माहीत नाही, म्हणून इथे थोडक्यात लिहिते. तुम्ही विसाव्या वर्षी ज्या जहाजावर होतात ते लढायचं जहाज नव्हतं. ते ऐकायचं जहाज होतं. दुसऱ्यांचं युद्ध चालू होतं, त्याच्या कडेला समुद्रात उभं राहून खालच्या मजल्यावर तुम्ही पोरं हेडफोन लावून, रेडिओवर जे बोललं जाई ते टाइप करत बसायचात. एका स्वच्छ दुपारी त्याच जहाजावर विमानं आली, आणि मागून टॉर्पेडो सोडणाऱ्या बोटी आल्या. शत्रूच्या नव्हेत, तुमच्याच मित्रदेशाच्या. टॉर्पेडो नेमका ऐकण्याच्या खोलीवर बसला. जे वाचले त्यांना सांगण्यात आलं की याबद्दल कुणाशी, घरीसुद्धा, बोलायचं नाही. मित्रदेशाने माफी मागितली, ओळखण्यात चूक झाली म्हणाला. तुमच्या सरकारने ते मानलं.

तुम्ही मानलं नाहीत. आपलं भांडण तिथेच होतं, आणि ते कधी संपलं नाही.

मी म्हणायची, चुका होतात. आमच्या कारखान्यात एका फोरमनने आपल्याच माणसाचा हात आत असताना मशीन चालू केलं होतं. वीस वर्षं दोघं एकत्र डबा खात होते.

"किती वेळ चालू होतं मशीन?" तुम्ही विचारलंत.

"क्षणभर."

"आमचं तासाभराहून जास्त चाललं. सूर्य डोक्यावर, झेंडा वर. सकाळपासून त्यांची विमानं येऊन बघून जात होती."

"वॉल्टर, घाईत माणूस जे बघायचं ठरवतो तेच बघतो."

"असेल. मग त्या फोरमनने पुढे काय केलं?"

मला सांगावं लागलं की तो दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात गेला, कॉटच्या पायथ्याशी उभा राहिला आणि म्हणाला, माझ्या हातून झालं.

"बघा," तुम्ही म्हणालात. "त्यांची माफी वॉशिंग्टनला गेली. माझ्याकडे कुणी आलं नाही. चूक असेल तर समोर येऊन सांगतात, मिस सुधा. मी ऐकून घेतलं असतं."

मला तेव्हा वाटायचं तुम्ही त्या वैमानिकांबद्दलच बोलताय.

डेलबद्दल तुम्ही फार कमी बोलायचात. तो तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसायचा, तुमच्याच वयाचा. त्या दिवशी कागदांची एक पिशवी घेऊन वर जायची पाळी त्याची होती. तो म्हणाला तू जा. तुम्ही गेलात, आणि तो तुमच्या खुर्चीवर बसला. एवढंच मला माहीत होतं.

मग तुमचे हात थरथरायला लागले आणि टाइपरायटरवर कापड पडलं. तुमची मोठी इच्छा होती की एकदा सगळं नीट लिहून, नोटरीसमोर सही करून ठेवावं. तुम्ही फोल्डर घेऊन आमच्या स्वयंपाकघरात आलात. "मिस सुधा, आता तुमच्या करंगळ्या."

फोल्डरमध्ये दोन प्रकारचे कागद होते. अलीकडे लिहिलेली पिवळ्या पॅडची पानं, आणि पेन्सिलने लिहिलेली अकरा पानं. ती जुनी होती हे मला कळत होतं. घड्यांवर झिजली होती, अक्षर पोरसवदा होतं. हॉस्पिटलात पडल्या पडल्या, चारच दिवसांनी लिहिली होती, हेही तुम्ही सांगितलंत. मी ती दोनदा वाचली. व्याकरण वाईट, क्रम उलटसुलट. मी माझ्या पद्धतीने काम केलं. क्रम लावला, काळ सुधारले, विषयाला धरून नसेल ते काढलं. एकोणीस पानांची स्वच्छ प्रत झाली.

एकाच ठिकाणी अडलं. टॉर्पेडो लागल्यावर खालच्या खोलीत पाणी भरू लागलं आणि वरचं लोखंडी झाकण चाक फिरवून बंद करावं लागलं, नाहीतर जहाजच गेलं असतं. पिवळ्या पानावर तुम्ही लिहिलं होतं, झाकण बंद करण्यात आलं. पेन्सिलच्या पानावर लिहिलं होतं, चाक मी फिरवलं.

मी पिवळं घेतलं. नंतरचं ते पक्कं, हा आमच्या ऑफिसचा नियम. साहेबांचा दुसरा नियम असा की पक्क्या प्रतीवर सही झाली की कच्चं फाडायचं. दोन प्रती राहिल्या की कुणीतरी त्यांतला फरक दाखवतो. एकतीस वर्षांत मी सहीच्या आधी कच्चं कधी फाडलं नव्हतं. या वेळी फाडलं. त्या सकाळी पिवळी पानं आणि पेन्सिलची पानं मी उभी-आडवी फाडली आणि रिसायकलिंगच्या डब्यात घातली. ट्रक माझ्यासमोर आला आणि घेऊन गेला. ते एक वाक्य घरात असू नये असं मला वाटलं. उद्या कुणी म्हणेल, हा माणूस तेव्हा एक लिहितो आणि आता दुसरं. कुणी त्याहून वाईट काही म्हणेल. तुम्हांला विचारायचं मला सुचलंच नाही. साहेबांनाही मी कधी विचारत नव्हते.

त्याच दुपारी आपण नोटरीकडे गेलो. तुम्ही चष्मा लावून एकोणीसच्या एकोणीस पानं वाचलीत. पंधराव्या पानावर बोट थांबलं.

"चाकाचं इथे नाही."

"तुम्हीच पॅडवर तसं लिहिलं होतं," मी म्हटलं.

तुम्ही चष्मा काढलात. मग मान हलवलीत. "खरंय. इथे लिहायला हात धजला नाही. असू दे, पेन्सिलमध्ये आहे. ती पानं डेलच्या बहिणीला द्यायची आहेत. मी स्वतः नेऊन देणार. इतकी वर्षं घाबरलो." आणि तुम्ही सही केलीत. नोटरी बाई तुमचा हात थरथरताना पाहून म्हणाली, "टेक युवर टाइम, सर." माझ्याकडे कुणी पाहिलं नाही, म्हणून बरं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. गाडीत सांगायला हवं होतं. तुम्ही गाडीत खूश होतात, खिडकी खाली केली होतीत, वाटेत आइस्क्रीम घ्यायला लावलंत. मी म्हटलं, उद्या सांगेन. उद्याचा परवा झाला. त्याचे पाच महिने झाले.

या पाच महिन्यांत मी तुमच्याकडे रोज आले. इतकी मी आधी येत नव्हते. तुम्हांला वाटलं माया वाढली. ती वाढलीच होती, पण मी येत होते ते सांगण्यासाठी, आणि दर वेळी सूप गरम करून, भांडी धुऊन परत जात होते. तुम्ही डेलच्या बहिणीकडे ओहायोला जायचं म्हणत होतात. मी म्हणायची, उन्हाळा सरू दे. तुमची तब्येत पाहून मला माहीत होतं की उन्हाळा सरेपर्यंत तुम्ही राहणार नाही. हे लिहिताना माझा हात थांबतोय, पण ते खरं आहे. मी तुमच्या मरणाची वाट पाहत होते, कारण त्याने माझी सुटका होणार होती.

शेवटच्या आठवड्यात घरी शुश्रूषेला येणारी हॉस्पिसची नर्स बाहेर गेली असताना तुम्ही डोळे उघडलेत. "पेन्सिलची पानं नीट आहेत ना?"

"हो," मी म्हटलं. "सगळं नीट आहे."

"मी नाही जाऊ शकलो तर तुम्ही द्या."

"देईन."

तुम्ही माझा हात थोपटलात. माझा हात, वॉल्टर. त्या हाताला दुसरं काही सापडलं नाही का थोपटायला?

तुम्ही गेल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात लिंडा घर आवरायला आली. अंगण ओलांडून माझ्याकडे आली, मिठी मारली आणि म्हणाली, "मिस सुधा, डॅड म्हणाले होते पेन्सिलची पानं तुमच्याकडे आहेत. डेलच्या बहिणीचा फोन आला होता. तिला ती हवी आहेत."

मी म्हटलं, "शोधते."

चार दिवस शोधत होते. जे नाही ते मी कपाटं उघडून शोधत होते. मधुराने शेवटी विचारलं तेव्हा तिला सगळं सांगितलं.

"आई, तू फाडलंस? सिरियसली?" ती खुर्चीत बसलीच. मग माझा चेहरा पाहून मऊ झाली. "ऐक. सांगू नकोस. सापडत नाहीत म्हण. घर आवरताना अशा गोष्टी हरवतात, कुणी ब्लेम करणार नाही. लिंडाला ऑलरेडी किती त्रास झालाय! तिला हे सांगून तू फक्त स्वतःला हलकं करणार."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर काही नाही होणार, आई. खरंच काही नाही होणार."

तेच तर. तुमच्या बाबतीतही काही झालं नव्हतं. त्यांनी तुम्हां सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं, आणि काही झालं नाही. वर्षं गेली, माणसं गेली. मी त्या लोकांना कधी फार वाईट समजले नव्हते, कारण माझ्यासारखीच नीटनेटकी माणसं असतील ती, दोन प्रती नकोत म्हणणारी.

मी पदर खोचला आणि अंगण ओलांडलं. लिंडा खोक्यांना टेप लावत होती. मी उभ्या उभ्या सांगितलं. हरवली नाहीत, मी फाडली. तुझ्या डॅडना माहीत नव्हतं. शेवटी त्यांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. माझ्या हातून झालं.

तिने टेप खाली ठेवली. "तुम्ही वाचली होती ती?"

"हो. दोनदा."

"मी एकदाही नाही," ती म्हणाली. "मला त्यांनी कधी दाखवलीच नाहीत." तिने एका चिठ्ठीवर ओहायोचा नंबर लिहिला आणि माझ्या हातात दिला. "तिला तुम्हीच सांगा." संध्याकाळी गाडीत सामान भरून ती प्लेनोला निघून गेली. त्यानंतर तिने फोन उचललेला नाही. तिने उचलावा असं मी म्हणू शकत नाही.

डेलची बहीण फोनवर आली तेव्हा मागे टीव्ही चालू होता. मी नाव सांगितल्यावर तिने तो बंद केला. मी तिला तेच सांगितलं, त्याच क्रमाने. डेल गेला तेव्हा ती चौदा वर्षांची होती म्हणाली. तिच्या आईला नेव्हीकडून एक पत्र आलं होतं, त्यात कर्तव्य हा शब्द तीनदा होता आणि डेलचं मधलं नाव चुकीचं लिहिलेलं होतं, एवढंच घरात होतं.

मी माफी मागितली. ती ते ओलांडून पुढे गेली. "पण तुम्ही वाचलंय. मग सांगा काय होतं त्यात. आणि सुधारू नका."

वॉल्टर, मी डोळे मिटले आणि ती पानं समोर आणायचा प्रयत्न केला. जे आलं ते माझंच होतं. माझी एकोणीस पानं, माझे स्वल्पविराम, माझा क्रम. अकरा पानांवर मीच येऊन बसले होते. तुमचं अक्षर दिसत होतं, पण वाचता येत नव्हतं. मी फोन कानाला धरून रडले, आणि ती बाई थांबली, ती इतकी वर्षं थांबलेलीच होती.

मग एकेक आलं. जिथे मी लाल पेन लावलं होतं तेवढंच शिल्लक होतं. जे खोडलं ते आठवत होतं.

"डेल म्हणाला तू जा वर, माझं नाक उन्हाने सोलतं." हे मी विषयाला धरून नाही म्हणून काढलं होतं. ती फोनवर हसली, एकदम, मुलीसारखी. "सोलायचं," ती म्हणाली. "खरंच सोलायचं."

"त्याने माझी टोपी घातली आणि ती त्याला मोठी झाली."

"आवाज मी ऐकला नाही, तो पायांना कळला."

"झाकणाखालून कुणीतरी ठोकत होतं, पण ते पाणीही असू शकतं."

इथे मी थांबले. पुढचं माहीत होतं. ते तिला न सांगता पुढच्या वाक्यावर जाता आलं असतं, ती कुठून ओळखणार होती?

"पुढे?" ती म्हणाली.

"चाक मी फिरवलं."

फोनवर तिने नाक ओढल्याचा आवाज आला.

"अजून आहे?"

"एक आहे. मी तो नव्हतो याचा मला आनंद झाला, आणि हे मी त्याच्या आईला कसं सांगू?"

तुम्हांला क्षमा केली असं ती म्हणाली नाही, मला तर नाहीच. तिने फक्त सगळी सहा वाक्यं हळू परत सांगायला लावली आणि लिहून घेतली. मग थँक यू म्हणून फोन ठेवला. मीही ती लिहिली, तुमच्या चुकांसकट, इंग्रजीत, वेगळ्या कागदावर. एक प्रत लिंडाला पाठवली आणि एक इथे, इरा आणि निहार, या पत्राला जोडली आहे. तिच्यात काहीही नीट करू नका.

पानं अकरा होती, ती गेली. सहा वाक्यं राहिली आहेत. ती ओहायोत एका बाईच्या वहीत आहेत, प्लेनोला एका न उघडलेल्या पाकिटात असतील, आणि आता तुमच्याकडे आहेत.